दादाच्या हातात घोडा

मी जब्बार, छावणीतला घोडीवाला. माझी मैना घोडी आहे, घोडा नाही, हे लोकांना सांगून सांगून माझी जीभ झिजली. तरी वरातीतली पोरं 'घोडा आला, घोडा आला' म्हणून नाचतात आणि माझं डोकं फिरतं.

हर्सूलचे बन्सीभाऊ मात्र पहिल्या दिवसापासून घोडीच म्हणाले. सत्यमचं, म्हणजे त्यांच्या पोराचं, लग्न ठरलं तेव्हा ते मैनेला बघायला आले. तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "जब्बारभाई, मोठ्या रस्त्यानं न्यायची. गल्लीबोळातून नाय."

"बन्सीभाऊ, लग्न तुमचं का पोराचं?" मी चेष्टा केली.

ते हसले आणि मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. सोयगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावात, त्यांच्या स्वतःच्या लग्नात, वेशीजवळ काही जणांनी लगाम धरला होता. 'तुमच्यात ही रीत कधीपासून?' म्हणत नवरदेवाला खाली ओढलं. बन्सीभाऊ पायी मांडवात गेले.

"एक शबुद बोललो नाय मी," ते म्हणाले. "सत्यमला हॉलच्या दारापातूर घोडीवर बघायचंय. बस्स, दुसरं काय नको."

लग्नाच्या सकाळी विहारात वंदना झाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि सत्यम मैनेवर बसला. पांढरा पोशाख, निळा फेटा. पोरगं देखणं दिसत होतं. मागं रिक्षात बन्सीभाऊंची म्हातारी आई, कडूबाई. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण मान बाहेर काढून बसली होती. लगामाला एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं बन्सीभाऊ. मी सांगूनही त्यांनी तो सोडला नाही.

अर्ध्या वाटेवर त्यांचा पुतण्या सुयश पुढं आला. हा पोरगा रीलसाठीच जेवतो आणि रीलसाठीच झोपतो. त्यानं कमरेतून पिस्तूल काढलं. मी मैनेला जागच्या जागी थांबवलं.

"डरो मत चाचा, लायटर है," म्हणत त्यानं चाप ओढला. नळीच्या टोकाला ज्योत पेटली आणि पोरं खिदळली. मग त्यानं ते सत्यमच्या हातात दिलं. "दादा, वर धर. हसू नको ना! भाई वाटला पायजे."

ज्यानं आयुष्यात कुणाला चापट मारली नाही, त्या पोराला भाई व्हायचं होतं. बिचाऱ्याला राग काही आणता येईना. पण आजकाल पडद्यावरचा हिरो पिस्तूल घेतल्याशिवाय दूध आणायलाही निघत नाही, मग आमच्या पोरांनी तरी काय शिकावं? सुयशनं त्या रीलवर गोळ्यांचा आवाज टाकला आणि वर लिहिलं, 'दादाच्या हातात घोडा. हिंमत असंल तर अडवा.' आणि चालता चालताच ती रील सगळीकडं पाठवून दिली. या पोरांच्या भाषेत घोडा म्हणजे पिस्तूल. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही चालत होतो.

हॉलची कमान दिसायला लागली तेवढ्यात पोलिसांची जीप आडवी आली. साहेब उतरले. "नवरदेवाला खाली घ्या."

डीजे बंद पडला. बन्सीभाऊ मैनेच्या पुढं जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून. एवढा शांत माणूस, पण त्या वेळी त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

"नाय उतरणार! रस्ता कुणाच्या बापाचा नाय! माझ्या लेकराला हात लावायचा नाय!"

त्यांचा आवाज चिरकला. वेशीजवळ जे तोंडातून निघालं नव्हतं, ते सगळं आज निघत होतं. खरं सांगतो, मीही लगाम घट्ट धरला.

साहेब माणूस बरा होता, आवाज चढवला नाही. "काका, तुम्ही समजताय तसं नाही. हे बघा," म्हणत त्यांनी मोबाईल पुढं धरला. त्यातून गोळ्या सुटल्या. बन्सीभाऊंनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. मग वर लिहिलेलं वाचलं.

सुयशचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं परत कमरेत खोचलेलं पिस्तूल पुढं केलं. "साहेब, लायटर हाय. गंमत केली."

"असेल. पण लोकांना मोबाईलमध्ये गोळीच ऐकू येते. तुम्ही दोघं चला, खात्री झाली की सोडतो."

बन्सीभाऊंचे हात खाली आले. पुतण्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. ते वळले, मैनेची रिकीब धरली आणि म्हणाले, "सत्यम, उतर."

"पप्पा, हॉल तर हा इथं..."

"उतर, बाळा."

त्यांनी स्वतः त्याला हात दिला. जीप सत्यमला आणि सुयशला घेऊन गेली. दुपारी सोडलं, लग्नही लागलं, असं मला नंतर कळलं. मी थांबलो नाही, मैनेला घेऊन परत फिरलो.

परतताना रिक्षाजवळून जावं लागलं. कडूबाई लेकाचा हात धरून रडत होती. "बन्सी, आतासुदीक व्हय रं? कोण व्हते ते? कुणी उतरवलं माझ्या नातवाला?"

बन्सीभाऊ तिच्याजवळ खाली बसले. "मी, माय," ते म्हणाले. "मीच उतरवलं."