गाडीच्या वाटचं पाणी

मित्रांनो, खिळ्याला टांगलेली ही कळकट कापडी पिशवी म्हणजे मी, एक जुनी छागल. मोटारीच्या पुढे लटकून पाणी गार ठेवणं हे माझं काम. माठही पाणी गार करतो, नाही असं नाही. पण तो घरी बसून करतो, मी धावता धावता करते. वर्ध्याच्या एका ताडपत्रीवाल्याने जाड कॅनव्हास दुमडून मला शिवलं आणि तोंडाला लाकडी बूच लावलं. माझ्या अंगातून पाणी पाझरतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. वैशाखात आमच्या जिल्ह्यात एक दुपार काढा, मग माझी किंमत कळेल.

सत्तरच्या दशकात सिंदी रेल्वेच्या महादेवरावांनी मला विकत घेतलं. स्टेशनाबाहेर त्यांची भाड्याची मोटार उभी असे. उतारू आधी मला शोधत, मग गाडीत बसत. महादेवरावांना एकच मुलगी, कोकिळा. बापलेक बॉनेट उघडून उभे राहिले की मी कान देऊन ऐकत असे.

"उन्हात गाडी बंद पडली का समजजो, पंपात पेट्रोलची वाफ झाली," महादेवराव सांगत. "सेल्फ मारत बसजो नको, बॅटरी उतरन. पंपाले ओला फडका गुंडाळजो अन् गप बसजो. अन् ध्यानात ठेव, छागलीतलं अर्धं पानी मानसाचं, अर्धं गाडीचं. गाडीच्या वाटचं कोनालेच देजो नको."

पुढे महादेवरावांना मोतीबिंदू झाला. कोकिळेने लायसन काढलं, पण पोरीच्या गाडीत बसायला कोणी धजेना. गाडी धूळ खात पडली आणि मी कोरडी पडले. १९८३ च्या मे महिन्यात कशीबशी एक वर्दी आली. नवरदेवाला समुद्रपूरला पोचवायचं होतं, लग्न चारचं होतं. महादेवराव म्हणाले, "नवरदेव टायमावर पोचला तं गाडी तुह्या हाती. नाई तं मी इकून टाकतो."

गाडीत नवरदेव, त्याची आजी रुख्मिणीबाई आणि मामा रूपराव बसले. बाकी वऱ्हाड एस.टी.ने पुढे गेलं होतं. मामांनी वाटेत दोनदा गाडी थांबवून मला अर्धं रिकामं केलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात पुढे केला, तेव्हा कोकिळेने बूच घट्ट दाबलं.

"मामाजी, आता उरलं थे गाडीचं हाय."

"वा गं! नवरदेवाच्या मामाले पानी नाई अन् लोखंडाले पानी? हे कोठचं शास्त्र?"

पाण्याला नाही म्हणणं आमच्याकडे फार वाईट. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कोकिळा बधली नाही, आणि थोड्याच अंतरावर गाडी आचके देत बंद पडली. आजूबाजूला नांगरलेली वावरं होती आणि एक बाभूळ होती. कोकिळेने बॉनेट उघडलं, फडकं काढलं आणि मला हातात घेतलं. तेवढ्यात मामा ओरडले, "अवं, मायले काय झालं?"

रुख्मिणी आजी सीटवर कलंडल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते आणि डोळे फिरत होते.

कोकिळेने एकदा पंपाकडे पाहिलं. तेवढंच. मग आजींना बाभळीखाली नेऊन तिने घोट घोट पाणी पाजलं आणि उरलेलं त्यांच्या डोक्यावर ओतलं. माझ्यात थेंब उरला नाही. हळूहळू आजींनी डोळे उघडले.

"आता गाडीले काय पाजशीन?" मामांनी विचारलं. या वेळी आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती.

कोकिळा माझ्याकडे बघत राहिली. मी रिकामी होते, पण माझा धागा न् धागा ओला होता. तिने मला दुमडलं आणि त्या तापलेल्या पंपाला गुंडाळलं. चर्र झालं. काय सांगू, जीव जातोय असं वाटलं! पण मी पंप सोडला नाही. माझा ओलावा संपत आला तसा पंप निवत गेला. थोड्या वेळाने कोकिळेने सेल्फ मारला आणि गाडी गुरगुरून सुरू झाली. चार वाजायला आले होते, वाजंत्री अजून वाजत होती, तोच नवरदेव मांडवात शिरला.

सिंदीला परतल्यावर महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी मला चाचपून पाहिलं. करपलेल्या डागावर त्यांचं बोट थांबलं.

"हे तं म्या तुले शिकवलंच नोतं," ते म्हणाले. त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातावर ठेवली, आणि ती पुन्हा कधी परत मागितली नाही.

मित्रांनो, आता प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या आहेत. तरी घरात एखादी छागल सापडली तर तिचं पोतेरं करू नका. कोरडी छागल पहिल्या पाण्याला गळते, म्हणून तिला आधी भिजत ठेवा. मग निघा खुशाल भर उन्हात, आणि वाटेत कोणी तहानेने व्याकूळ दिसलं तर बूच काढायला वेळ लावू नका. गाडीचं आम्ही बघून घेऊ.