आडवं वल्हं

वारा पडला आणि माझ्या मानेवर काटा आला. दोन दिवस ईशान्येकडून वाहत होता, आणि आता समुद्र असा सपाट की दोन कयाकींच्या मधलं पाणी तेलासारखं दिसत होतं. आमच्या उमकोमास गावच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कुणालाही विचारा. ईशान्येचा वारा असा श्वास रोखतो तेव्हा नैऋत्येचा उंबऱ्यापाशी आलेला असतो.

"साराश्नी, दोरी गुंडाळ. निघू या."

"पाचच मिनिटं, मामा."

"वारा थांबणार आहे का तुझ्यासाठी?"

"आणि सासूबाई थांबणार आहेत? पुरटासीचं व्रत काल संपलं. महिनाभर घरात मासा शिजला नाही. सकाळीच चिंच भिजत घातलीय त्यांनी. रिकाम्या हाताने गेले तर मलाच फोडणीला टाकतील."

ही माझी सख्खी भाची. मी रविवारी किनाऱ्यावर पोरांना वल्हं मारायला शिकवतो, त्या पोरांत ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ होती. आता तिची स्वतःची कयाक आहे, पण मला उत्तर द्यायची सवय तीच.

मी पुन्हा बोलणार तेवढ्यात तिचं रीळ करकरलं. गळाची काठी वाकून पाण्याला टेकली आणि कयाक तिला घेऊन निघालीच, जणू कुणी दावं धरून ओढत होतं. ती हसत होती. मीही हसत असणार, कारण तो क्षणच तसा असतो. मासा खाली मोठा असतो, आपण वर हलके असतो, आणि कोण कुणाला पकडतंय ते ठरलेलं नसतं. मी मागे वल्हवत राहिलो, पण डोळे दक्षिणेकडेच वळत होते.

सुरमई वर आली तेव्हा तिच्याखालून एक तपकिरी सावली सरकली. शार्क. साराश्नीने आकडा घालून मासा झटक्यात मांडीवर घेतला. सावली कयाकीखालून गेली आणि परत आली. मासा पुढच्या खणात घालायचा, तर तो खणाहून लांब. तिने तो वाकवला, दाबला, वरून झाकण लोटलं.

"झाकण बसलं का?"

"बसलं हो, मामा. चला आता."

दक्षिणेला पाण्यावर काळी रेघ उठली होती. अर्ध्या वाटेत तिने आम्हाला गाठलं. वाऱ्याने लाटांचे शेंडे उडवून तोंडावर फेकायला सुरुवात केली. साराश्नी डावीकडे कधी दिसे, कधी नुसतं तिचं वल्हं दिसे.

आमच्याकडे रीत अशी, की जाणत्याने आधी किनारा गाठायचा. मोठ्या लाटा एकामागून एक अशा थव्याने येतात, आणि आत पाण्यात बसलेल्याला मागचा थवा दिसत नाही, वाळूच्या उंचवट्यावरून दिसतो. वरच्याने वल्हं आडवं धरलं तर थांब, उभं धरलं तर ये. पोरांकडून मी हे घोकून घेतो. वरचा बघतो, आतला ऐकतो.

मी एका लाटेच्या पाठीवरून आलो आणि वाळूत आपटलो. तिथे गळ टाकून बसलेल्या भेकानीने माझी कयाक वर ओढली. वयाने मोठ्या कुणालाही तो बाबाच म्हणतो.

"बाबा, या वयात लोक बागेत बसतात."

"बागेत मासे नसतात." मी उंचवट्यावर धावलो आणि वल्हं आडवं धरलं.

मागून थवा येत होता, त्यामागे आणखी एक. साराश्नी फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे थांबली. शहाणी पोर, मला वाटलं. थवा गेला. पाणी शांत होईना. मी वल्हं आडवंच ठेवलं. हात भरून आले.

मग काहीतरी खटकलं. लाटेवर चढताना तिच्या कयाकीचं पिवळं नाक हवेत दिसायला हवं होतं. ते लाटेवर चढतच नव्हतं, लाटेतून जात होतं.

"ती खाली का बसलीय?" भेकानी म्हणाला.

झाकण. माशाची शेपटी झाकणात अडकली असणार आणि प्रत्येक लाट घोट घोट आत जात होती. खाली उतरून पाणी काढावं, तर ती सावली. आणि साराश्नी माझ्या वल्ह्याकडे बघत होती, मी शिकवलं तशी. मी जितका वेळ तिला जपत होतो, तितका वेळ ती बुडत होती.

मोकळी वाट नव्हतीच. मागे दोन मोठ्या लाटा मला स्वच्छ दिसत होत्या. मी वल्हं उभं केलं.

ती निघाली. जड, फार हळू. पहिली लाट खालून गेली. दुसरीने तिला उचललं, पिवळं नाक पाण्यात घुसलं, कयाक उभी राहिली आणि उलटली. नंतर नुसता फेस. कयाक उताणी वाहत आली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं.

भेकानी आणि मी छातीभर पाण्यात शिरलो. लाटेने मला पाडलं. उठलो तेव्हा भेकानीने काहीतरी धरलेलं दिसलं. तिच्या जॅकेटचा पट्टा.

वाळूवर ती बराच वेळ खोकत होती. मग म्हणाली, "मागे लाटा होत्या की. वल्हं उभं का केलंत?"

"तुझी कयाक भरली होती."

"ते मला कधीचं माहीत होतं."

"मग यायचं होतंस. कुणासाठी थांबलीस?"

"तुम्ही आडवं धरलं होतंत ना. न विचारता यायचं, असं कधी शिकवलंत?"

भेकानीने कयाकीचं मागचं बूच काढलं. पाणी येतच राहिलं. खण उघडा होता, सुरमई गेली होती.

"वरचा बघतो, आतला ऐकतो," साराश्नी म्हणाली. "आतल्याला काही सांगायचं असलं तर?"

"तसं काही नाही आपल्याकडे."

"मग करा. रविवारी पोरं येणारेत."

तिने माझं वल्हं घेतलं आणि लटपटत पाण्याच्या कडेला गेली. भिजलेले केस तोंडावर येत होते. तिने वल्हं डोक्यावर धरलं आणि डावीउजवीकडे जोरात हलवलं.

"इथून टॅक्सी थांबवतेय असं वाटतं," भेकानी म्हणाला.

"मामा, दिसतंय का?"

मी उंचवट्यावर चढलो. वाऱ्यात तिचा आवाज फाटत होता. मी दोन्ही हात वर केले आणि ओरडून सांगितलं, किनाऱ्याने आणखी लांब जा, तिथून दाखव.