दादाराव बूट काढतात

दादाराव मेश्राम यांनी उभ्या आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती, आणि अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी एक बनवली. तीही साधीसुधी नाही. उभी केली तर माणसाच्या हनुवटीला लागणारी, गारगोटीच्या ठिणगीवर पेटणारी लाँगरायफल, अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले लोक जंगलात न्यायचे तसली. नागपुरात असते तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. इथे अमेरिकेत, मुलाच्या गावी ट्रॉयमध्ये, शेजारच्या वेंडेलने आपलं गॅरेज उघडून दिलं.

वेंडेल कारच्या कारखान्यातून रिटायर झालेला, अशा बंदुकांच्या नादी लागलेला माणूस. दादारावांचं इंग्रजी तोडकंमोडकं आणि वेंडेलला मराठीचा गंध नाही, पण लाकूड दोघांनाही कळायचं, त्यामुळे काही अडलं नाही. नळी आणि ठिणगीचा खटका वेंडेलने विकत आणून दिला, हाताने केलेल्या बंदुकीतही तेवढं विकतचं चालायचं. बाकी सगळं मेपलच्या एका फळीतून हाताने काढायचं होतं. त्यातही खरी कसोटी नळीची. ती आठकोनी. तिच्या आठांपैकी पाच बाजू लाकडात अशा बसायला हव्यात की मधे कागदसुद्धा शिरता कामा नये.

पहिला महिना दादारावांनी वेंडेलच्या टेबलापाशी उभं राहून, फळी लोखंडी शिकंजात आवळून पटाशी चालवली आणि एक उत्तम फळी वाया घालवली. मग ते चिडले. बूट काढले, जमिनीवर फतकल मारली, फळी पायाच्या अंगठ्यात आणि टाचेत धरली. नागपुरात छत्तीस वर्षं त्यांनी सुतारकाम असंच केलं होतं. पटाशी जरा खोल गेली की तळव्याला आधी कळतं, हे त्या शिकंजाला कुठून कळणार? वेंडेलने दोन दिवस नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खाली एक जुनी सतरंजी आणून टाकली.

नळीला काजळी फासायची, लाकडात बसवायची, उचलायची, जिथे काळं लागलं तेवढंच तासायचं. पुन्हा काजळी, पुन्हा तासणं. हे शेकडो वेळा. वेंडेलची काजळी रॉकेलच्या दिव्याची, ती पसरायची. दादारावांच्या बायकोने, गिरजाबाईंनी, एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचं ताट धरलं आणि डोळ्यात घालायचं तसलं मऊ काजळ डबीत भरून दिलं. "बंदुकीला काजळ घालणारी मीच पहिली बाई असेन," असं म्हणून त्या आठवडाभर हसत होत्या.

चौदा महिन्यांनी बंदूक झाली आणि वेंडेलने हट्टाने ती प्रदर्शनात न्यायला लावली. नियम एकच: हाताने केलेलं असेल तरच टेबलावर राहील. फॉर्म मुलाने, आयुषने, ऑनलाइन भरला.

प्रदर्शनाच्या सकाळी मुख्य परीक्षक कॉलिन्स बंदुकीपाशी दहा मिनिटं उभे राहिले. खिळ्या काढून त्यांनी नळी उचलली, आतलं लाकूड पाहिलं आणि बंदुकीला संशयाची लाल चिठ्ठी बांधली. मग आयुषशी हळू आवाजात बोलले.

"काय म्हणते रे तो?" दादारावांनी विचारलं.

"काही नाही बाबा. त्यांना थोडा डाउट आहे. आपण विथड्रॉ करू या. उगाच सीन नको."

पण 'मशीन' हा शब्द दादारावांच्या कानावर पडला होता. "मी मशीनवर केली म्हणते? काऊन?"

मग कॉलिन्सच सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. तीस-तीस वर्षं हे काम करणाऱ्यांचीही नळी इतकी घट्ट बसत नाही. एका इंटिरियर डिझायनरने पहिल्याच खेपेला हे केलं, हे त्यांना पटत नव्हतं. वेंडेलने मधे पडून सांगितलं की सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालंय. मित्राची साक्ष चालत नाही, असं कॉलिन्स म्हणाले.

दादारावांनी इकडेतिकडे पाहिलं. "हा इंटिरियर डिझायनर कोण?"

आयुषने मान खाली घातली. "फॉर्मवर ऑक्युपेशन लिहायचं होतं, बाबा. माझ्या ऑफिसचे लोक येतात इथे. त्यांना मी आधीपासून तेच सांगितलंय."

दादारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. अठराव्या वर्षी त्यांनी पहिली चौकट केली होती, तेव्हा नागपूरच्या इतवारीतला मिस्त्री असाच तिच्याभोवती फिरला होता. त्याने दादारावांना कधी सांधा शिकवला नव्हता. तुमच्या लोकांनी रंधा मारावा, सांधे आम्ही देऊ, असं तो तोंडावर म्हणायचा. दादाराव नुसतं बघून शिकले होते. चौकट पाहून मिस्त्री चार माणसांत म्हणाला, हे तुझ्या हातचं काम नाही. तेव्हा दादाराव गप्प बसले होते, कारण घरी खाणारी तोंडं होती. ते गप्प बसणं पन्नास वर्षं त्यांना सलत होतं, आणि आज ते पुन्हा करायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

"सांग त्याले," ते म्हणाले. "लाकूड दे. नळीचा तुकडा दे. इथंच करून दाखवतो."

"बाबा, प्लीज..."

"सांगतोस का मीच सांगू?"

कॉलिन्स न्यायाने वागणारा माणूस होता. त्यांनी मेपलचा ठोकळा, पटाशी आणि आठकोनी नळीचा वीतभर तुकडा आणून दिला आणि शिकंजा लावलेल्या टेबलाकडे बोट दाखवलं. दादारावांनी तिकडे पाहिलंही नाही. ते खाली बसले आणि बूट काढू लागले. मग मोजे. आयुषने डोळे मिटून घेतले.

कॉलिन्स धावतच आले. अनवाणी चालणार नाही, सेफ्टीचा नियम आहे, काम टेबलावरच करावं लागेल. दादारावांनी आपला उजवा पाय उचलून त्यांना दाखवला, घट्टे पडलेला, फताडा, अंगठा बाजूला गेलेला.

"धिस माय टेबल," ते म्हणाले. "यू वाँट सी, ऑर नो?"

कॉलिन्सनी त्या पायाकडे पाहिलं. मग हात टेकल्यासारखे ते मागे सरकले.

दादारावांनी ठोकळ्याला हात लावून तो कपाळाला नेला, कारण आता त्यावर पाय द्यायचा होता. काजळ लागणार होतंच. गिरजाबाईंनी पर्समधून डबी काढली आणि पुढे केली, जणू त्या यासाठीच आल्या होत्या.

अडीच तास लागले. आधी पाचसात लोक होते, मग गर्दी झाली. कुणीतरी हसलं, त्याला वेंडेलने असं पाहिलं की तो निघून गेला. काजळ, बसव, उचल, तास. दादारावांनी मान वर केली नाही. शेवटी त्यांनी नळी ठोकळ्यात दाबली, ठोकळा उलटा केला आणि हलवला. नळी पडली नाही.

कॉलिन्सनी नियमांच्या पुस्तकातलं एक पान फाडलं आणि फटीत घालून पाहिलं. फट नव्हतीच. पान चुरगळलं. त्यांनी बंदुकीची लाल चिठ्ठी स्वतः सोडली आणि दादारावांपुढे हात केला.

दादारावांनी हात मिळवला नाही. "फॉर्म," ते म्हणाले.

फॉर्म आला. तो आयुषच्या हातात गेला. "ते खोड," दादाराव म्हणाले. "ज्या दारातून तू रोज शाळेत गेलास, ते दार सुताराने केलं होतं. इंटिरियरवाल्याने नाही."

आयुषने पेन घेतलं. त्याने खोडलं आणि मोठ्या अक्षरांत कार्पेंटर लिहिलं. दादारावांनी ते एकेक अक्षर लावून वाचलं. मग त्यांनी कॉलिन्सचा हात धरला आणि चांगला जोरात हलवला.

बंदूक खांद्यावर घेऊन ते आपल्या टेबलाकडे निघाले, तसेच अनवाणी. मागून आयुष आला. त्याने बापाचे बूट उचलून घेतले होते, एकेका बुटात एकेक मोजा. वाटेत त्याच्या ऑफिसातले दोघेजण उभे होते. त्यांनी आधी बुटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"माय फादर," आयुष म्हणाला. "ही इज अ कार्पेंटर."

आणि तो भराभर पुढे जाऊ लागला.

"पळतोस कायले?" दादाराव मागे वळून म्हणाले. "हळू चल. लोकांना नीट पाहू दे."