मागच्या दाराने नाही

लॉर्ना वॉयचिक ग्रीन बेमध्ये बावीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि तेराव्या वर्षापासून रोज चार वेळा स्वतःला इन्सुलिन टोचत होती. या दोन गोष्टींवरच ती ब्लॉग लिहायची. नाव होतं 'सुई आणि स्टेअरिंग'. कडाक्याच्या थंडीत इन्सुलिन गोठू नये म्हणून काय करायचं, चाळीस पोरं मागे दंगा घालत असताना साखर उतरली तर बस कुठे थांबवायची, सासूबाईंच्या केकला नाही कसं म्हणायचं, असलं सगळं. वाचणारे चारेकशे. त्यातल्या निम्म्यांना ती त्यांच्या कुत्र्यामांजरांच्या नावांसकट ओळखायची, पण समोरासमोर एकीलाही भेटली नव्हती.

"सहा वर्षं या टेबलाशी बसून कोणाशी बोलतेस ते एकदा डोळ्यांनी बघून तरी ये," असं तिचा नवरा गस म्हणाला आणि ऑगस्टमध्ये, शाळा उघडायच्या आत, लॉर्ना मिलवॉकीला निरोगी जगण्यावर लिहिणाऱ्या ब्लॉगरांच्या संमेलनाला निघाली.

तळ्याकाठचं मोठं हॉटेल, तीनशे माणसं, त्यातल्या जवळजवळ सगळ्या बाया, आणि बहुतेकींचं वय लॉर्नाच्या निम्म्याला लागलेलं. दारातच प्रत्येकीच्या गळ्यात बिल्ला आणि हातात पिशवी. पिशवीत ओट्सच्या वड्या, बदामाचं लोणी, नारळपाण्याचे डबे. जेवण समोर आलं की आधी फोटो, मग घास. लॉर्नाला हसू आलं, पण खोटं कशाला सांगा, तिला तिथे आवडलं. मॅडिसनहून आलेल्या एका नर्सबाईने "अगं, तूच ती बसवाली!" म्हणून तिला कडकडून मिठी मारली, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

खोली तिने इंडियानाच्या केलिन प्रॅथरबरोबर वाटून घेतली होती. केलिन तेवीस वर्षांची. रोजच्या तिन्ही जेवणांचे फोटो टाकायची, आणि गेल्या महिन्याभरात तिच्याकडे वाचकांची रीघ लागली होती. कारण ती ब्रिन ॲल्डरमनचा 'तीस दिवस निर्मळ' हा हिरव्या रसांचा उपक्रम करत होती. ब्रिन म्हणजे त्या जगातली राणीच. तिला दोन लाख वाचक. संमेलनाचा अर्धा खर्चही तिच्याच रसांच्या कंपनीने उचललेला. शनिवारी अकरा वाजता तिचं मुख्य भाषण होतं, आणि त्यात ती केलिनला मंचावर बोलावणार होती.

"सात किलो उतरले!" केलिनने आल्या आल्या सांगितलं. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले. बोलता बोलता तिने पाण्याची बाटली संपवली, दुसरी उघडली. लॉर्नाला वाटलं, पोरगी धावते बिवते, तहान लागत असेल.

शनिवारी सकाळी सहाला सगळ्यांची तळ्याकाठी धाव होती. लॉर्ना धावणारी नव्हे. ती शेवटी रमतगमत चालत होती. दुसऱ्या वळणावर तिला केलिन बाकावर बसलेली दिसली. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय गं, पोटात दुखतंय?"

"काही नाही. जरा मळमळतंय." केलिनने मान वर केली आणि तिचा श्वास लॉर्नाच्या तोंडावर आला. नासायला लागलेल्या सफरचंदाचा गोडसर वास. नखांचा रंग पुसायच्या औषधासारखा.

लॉर्ना जागच्या जागी थिजली. चौदाव्या वर्षी, औषधाला कंटाळून तिने स्वतः सुई घेणं टाकलं होतं, तेव्हा तिच्या आईला तिच्या अंथरुणात हाच वास आला होता.

"किती दिवस झाले इन्सुलिन सोडून?"

केलिनने तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही कोणी भर रस्त्यात अंगावरचं कापड ओढलंय. "तुला कोणी सांगितलं?"

"मला कोणी सांगायला नको. किती दिवस?"

"कमी केलं दहा दिवसांपूर्वी. बंद परवापासून." ती थांबून थांबून बोलत होती, मध्ये मध्ये श्वास पुरत नव्हता. "मी ब्लॉगवर कधी लिहिलं नाही गं. निरोगी जगण्यावर लिहिणारी मुलगी, आणि तिलाच आजार! ब्रिनला पत्र लिहून विचारलं. ती म्हणाली, निर्णय तुझा. पण शरीर काही सुई घेऊन जन्माला येत नाही."

लॉर्नाने कमरेच्या पिशवीतून आपलं साखर मोजायचं यंत्र काढलं, नवी सुई लावली, केलिनचं बोट टोचलं. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. आकड्याच्या जागी फक्त दोन अक्षरं आली. सहाशेच्या वर मोजता येत नाही, असा त्याचा अर्थ.

"ऊठ. दवाखाना."

"अकरानंतर जाऊ. मंचावर जाऊन आले की लगेच. शप्पथ."

"अकराला तू शुद्धीवर असशील तर ना!"

केलिन उठली आणि लॉर्नाच्या अंगावरच कलली. लॉर्नाने तिला खांद्याचा आधार देत कसंबसं हॉटेलच्या तळ्याकडच्या आवारापर्यंत आणलं. तिथल्या पायऱ्यांवर केलिनला ओकारी झाली. धावून परतलेल्या बायकांचा घोळका जमला. संमेलनाची व्यवस्था बघणारी कोर्टनी व्हेलन धावत आली, हातात नारळपाण्याचा डबा.

"ऊन लागलंय बिचारीला. हे पाज, बरं वाटेल."

"त्यात साखर आहे. दूर ठेव ते," लॉर्ना म्हणाली. फोन तिच्या कानालाच होता. रुग्णवाहिकेला पत्ता सांगून झाला होता.

तेवढ्यात ब्रिन आली. उंच, शिडशिडीत, नाकावर निळ्या काड्यांचा चष्मा, आवाज मधाळ. ती केलिनपाशी वाकली. "घाबरू नकोस, राणी. विष बाहेर पडतंय ना, त्याचा त्रास आहे हा. सगळ्यांना होतो."

"विष नाही. रक्तात आम्ल साठलंय," लॉर्ना म्हणाली. "हिला इन्सुलिन न मिळाल्याचा त्रास आहे हा. आणि ते का बंद झालं ते तुम्हाला ठाऊक नाही असं नाही."

ब्रिनचा चेहरा हलला नाही. तिने फक्त कोर्टनीकडे पाहिलं. कोर्टनीने लॉर्नाला बाजूला घेतलं.

"लॉर्ना, ऐक. गाडी मागच्या दाराने बोलावू या, मुदपाकखान्याच्या बाजूने. इकडे दिवाणखान्यात सगळ्या नाश्त्याला जमल्यात, हातात कॅमेरे. पोरीचीच बदनामी होईल गं."

"मागच्या दाराला किती पायऱ्या आहेत?"

"आठ-दहा असतील. पण..."

"गाडी समोरून, रस्त्याच्या दारात येईल. स्ट्रेचर त्या दिवाणखान्यातून जाईल. कोणाला फोटो काढायचाय त्याने काढावा."

"हा निर्णय तुझा नाही!"

"मग कोणाचा? रस विकणाऱ्यांचा?"

गाडी समोरूनच आली. ओट्सच्या वाटग्यांवर वाकलेल्या तीनशे माना वर झाल्या आणि खरं सांगायचं तर एकाही बाईने कॅमेरा उचलला नाही. स्ट्रेचरवर केलिनने डोळे मिटून घेतले होते. गाडीत फक्त घरच्यांना बसू देणार म्हणाले, म्हणून लॉर्नाने केलिनच्या फोनवरून तिच्या आईला गाठलं. आई लगेच निघाली. वाट पाच तासांची. तोवर आत घेणार नाहीत, असं दवाखान्यातून कळलं. लॉर्ना खोलीत गेली, स्वतःची साखर मोजली, सुई घेतली, दोन घास खाल्ले.

अकरा वाजता ती सभागृहात जाऊन बसली. जायचं नाही असं तिने तीनदा ठरवलं होतं. सोबत मॅडिसनची नर्स होती, तिचं नाव जोआन. "तू नुसतं ऐकायला चाललीयस ना?" जोआनने विचारलं. लॉर्नाने मधल्या वाटेजवळची खुर्ची धरली.

ब्रिन सुंदर बोलली. तिच्या आजीच्या बागेबद्दल, पहिल्या रसाबद्दल. मग म्हणाली, "आज आपली लाडकी केलिन इथे असणार होती. सकाळी तिला थोडं ऊन बाधलं. ती आराम करतेय आणि तिने तुम्हा सगळ्यांना प्रेम पाठवलंय." टाळ्या झाल्या. "लक्षात ठेवा. शरीर गोळ्या घेऊन, सुया घेऊन जन्माला येत नाही. त्याला स्वतःला बरं करायचं माहीत असतं."

प्रश्नांसाठी मधल्या वाटेत माईक उभा केला होता. लॉर्ना उठली. जोआनने तिची बाही धरली, मग सोडली.

"माझा प्रश्न साधा आहे. तुमच्या नाकावर चष्मा आहे. तो घेऊन जन्मलात का?"

हशा पिकला. ब्रिनही हसली, पण उशिरा.

"त्या मुलीने तुम्हाला प्रेम बिम पाठवलेलं नाही. ती दवाखान्यात आहे, शुद्ध हरपत चाललीय. तिला इन्सुलिनची गरज होती, आणि तुम्ही..."

माईक बंद झाला. मागे कोर्टनी तंत्रज्ञाशेजारी उभी होती. लॉर्नाने माईककडे पाहिलं आणि तो बाजूला सारला. बावीस वर्षं ती शेवटच्या बाकावरच्या पोरांना आरसा न बघता गप्प करत आली होती. तिला माईक कशाला लागतोय!

"माझं वय सत्तेचाळीस!" सभागृहाच्या भिंती दणाणल्या. "चौतीस वर्षं मी सुई घेते. ती घेतली नसती तर चौदाव्या वर्षीच मेले असते. मी निरोगी नाही असं कोणाला म्हणायचंय त्याने इथे, माझ्या तोंडावर म्हणावं! ज्यांची औषधं चालू आहेत त्यांनी ती एखाद्या बाईच्या ब्लॉगवर वाचून बंद करू नयेत. माझ्याही नाही. आपापल्या डॉक्टरला विचारा. संपलं माझं."

कोर्टनी धावत आली. "बिल्ला काढून दे, लॉर्ना. तुला आता इथे थांबता येणार नाही."

"बिल्ल्यावर माझं नाव आहे. तुझं नाही," असं म्हणून ती चालू लागली. मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. किती उठल्या ते तिने वळून मोजलं नाही. बाहेर मात्र एक अगदी कोवळी मुलगी तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मी थायरॉइडची गोळी बंद केलीय. तीन आठवडे झाले." जोआनने तिला तिथेच बाकावर बसवून घेतलं आणि तिच्या डॉक्टरला फोन लावायला लावला.

केलिन वाचली. दोन दिवस अतिदक्षता विभागात होती. रविवारी दुपारी तिच्या आईने लॉर्नाला आत बोलावलं. आईने तिचे हात हातात घेतले, पण केलिनने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"तीनशे लोकांसमोर सांगितलंस. माझं होतं ते. मी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, ते माझं होतं."

"हो, तुझंच होतं," लॉर्ना म्हणाली. "ते मी तुझ्याकडून हिसकावून घेतलं. त्याची माफी मागते."

"परत तशी वेळ आली तर?"

"तर परत तसंच करीन. आणि परत माफी मागीन."

"जा इथून."

"जाते. रागव खुशाल. रागावण्याइतकी धुगधुगी आलीय तुझ्यात, मला तेवढं पुरे." आई तोंडावर हात ठेवून रडत होती की हसत होती, लॉर्नाला कळलं नाही.

घरी येऊन तिने सगळं लिहिलं. केलिनचं नाव वगळलं, ब्रिनचं वगळलं नाही. आठवड्याभरात चारशे वाचकांचे चाळीस हजार झाले. निम्मे शिव्या घालणारे. जाडी, म्हातारी, औषध कंपन्यांची हस्तक, जळकुकडी. लॉर्नाने एकही प्रतिक्रिया पुसली नाही. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली, आणि तिसऱ्या आठवड्यात ब्रिनच्या वकिलाचं पत्र आलं. लेख काढून टाका, माफी छापा, नाहीतर न्यायालयात भेटू.

गसने पत्र दोनदा वाचलं. "लॉर्ना, हे लोक मोठे आहेत गं."

"असू देत."

"काढून टाकलंस तरी ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलंय."

"ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांचं काय?"

त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे," केलिन म्हणाली.

"बरं."

"पण ब्रिनने मला लिहिलेली पत्रं मी जपून ठेवलीयत. सगळी. तारखांसकट. तुझ्या वकिलाला लागली तर सांग."

"माझा वकील कुठला बाई! माझ्याकडे गस आहे."

पलीकडून हसण्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. लॉर्ना टेबलाशी बसली, वकिलाच्या पत्राखाली पेनाने मोठ्या अक्षरांत 'लेख राहील' एवढंच लिहिलं, सही केली आणि उद्या सकाळच्या फेरीत टपालात टाकायला म्हणून ते बसच्या किल्लीखाली ठेवून दिलं.