बाईंच्या कानाची परीक्षा

बाई म्हणाल्या, "झालीस तू तयार. भर अर्ज." आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मी नऊ वर्षं त्यांच्याकडे पियानो शिकतेय, दर गुरुवारी चार वाजता. गेली दोन वर्षं मी विचारायचे, "बाई, पदविकेच्या परीक्षेला बसू का?" आणि बाई मान हलवायच्या. "अजून नाही." का, असं विचारलं की, "अजून नाही म्हणजे अजून नाही." यंदा मी विचारलंसुद्धा नव्हतं. तर ह्या आपणहून हो म्हणतात? कुठेतरी पाणी मुरत होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे कुठलीही गोष्ट वर जाते की खाली एवढंच बघतो. "अभिनंदन, फौजदारसाहेब," तो म्हणाला. फौजदार हे त्याने मला लग्नानंतर आठवड्याभरात ठेवलेलं नाव. दुकानदाराने वजन जास्त टाकलं तरी मी विचारते, का टाकलं?

"पण आत्ताच का म्हणाल्या त्या?"

"तुला यायला लागलं म्हणून."

"दोन वर्षं येत नव्हतं, आणि आता एकदम काय झालं?"

"रोज दोन तास बडवत होतीस ना? ते झालं." आणि तो आंघोळीला निघून गेला. या माणसाशी भांडायचीसुद्धा सोय नाही.

ही परीक्षा म्हणजे खेळ नव्हे. चाळीस मिनिटं एकटीने, कागद न बघता, तीन परीक्षकांसमोर वाजवायचं. नापास झालं की दोन वर्षं पुन्हा बसता येत नाही, आणि मी सत्तेचाळीस वर्षांची. मात्र ठरावीक तारखेपर्यंत अर्ज मागे घेता येतो; मग काही बट्टा लागत नाही, पुढच्या वर्षी खुशाल बसा. म्हणजे त्या तारखेपर्यंत मला ठरवायचं होतं की बाईंचं म्हणणं खरं मानायचं की नाही.

आणि मला ती परीक्षा हवी होती. फार हवी होती. मी पियानो सुरात लावते, तेच माझं पोट. वडिलांनी शिकवलेलं काम. तीस वर्षं लोकांच्या घरी जाते, झाकण उघडते, दोनशेवर तारा एकेक करून पिळते, सुरात आणते, आणि मग दुसरंच कुणीतरी येऊन वाजवतं. मला एकदा त्या स्टुलावर बसायचं होतं आणि लोकांनी गप्प बसून मला ऐकायला हवं होतं. हे मी नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते. या वयात असलं काही सांगायला लाज वाटते.

अर्ज भरला. बाईंनी सही केली. आणि मी बाईंवर नजर ठेवायला लागले.

बाई चौऱ्याहत्तरच्या. पूर्वी मी वाजवताना त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "चौथं बोट! झोपलंय!" आता शेजारी खुर्चीत बसायच्या, डोळे मिटून, आणि हूं की चूं नाही. शेवटी एकच शब्द, "छान." चौथं बोट काय सुधारलं होतं? मला माहीत आहे ना ते नव्हतं सुधारलं! शिवाय खुर्ची डावीकडून उजवीकडे आली होती. दाराची बेल नवी, मोठ्या आवाजाची. एकदा मी विचारलं, "बाई, मधला भाग जास्त जलद होतोय का?" तर त्या म्हणाल्या, "काय म्हणालीस?"

झालं. डोक्यात किडा शिरला तो शिरला. बाईंना ऐकू येत नाहीये. ज्या कानाने दोन वर्षं मला अजून नाही, अजून नाही म्हटलं, तो कानच गेला, म्हणून आता हो. आणि मी त्या हो-वर विसंबून चाळीस मिनिटं लोकांसमोर बसणार होते.

दुसऱ्या कुणाला असा संशय आला असता तर त्याने सरळ विचारलं असतं, किंवा गप्प बसला असता. मी पियानो लावणारी. मला तिसरा रस्ता दिसला.

बाईंचा पियानो मीच लावते, वर्षातून दोनदा. त्या सोमवारी ठरल्याप्रमाणे गेले, तीन तास खपून अख्खा पियानो लावला. वरच्या स्वरांना प्रत्येकी तीन तारा असतात, तिन्ही अगदी एकासारख्या एक वाजल्या पाहिजेत. मी परीक्षेत वाजवायच्या रचनेतला एक स्वर निवडला, जिथे संथ भाग संपतो आणि तो एकच स्वर लांबवर धरून ठेवायचा असतो. त्याच्या तीन तारांपैकी एकीच्या खुंटीवर पाना चढवला आणि तिला किंचित सैल केलं. केसभर. पण कान असलेल्या माणसाच्या दातांत कळ जाईल इतकं. बाई आत शिकवणीच्या मुलांच्या वह्या तपासत होत्या. आयुष्यात मी एकही तार मुद्दाम बिघडवली नव्हती. वडील असते तर पाना काढून घेतला असता.

गुरुवारी वाजवलं. तो स्वर आला. धरून ठेवला. तार अशी थरथरत, वाकडी रडत होती की माझ्या मानेवर काटा आला. पण मी चेहरा दगडाचा ठेवला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. एकटक. मग डोळे मिटले.

"छान," म्हणाल्या. आवाज जरा बसलेला होता.

मी रस्त्यात रडले. बाईंसाठी रडले आणि स्वतःसाठी त्याहून जास्त. घरी जाऊन अर्ज मागे घ्यायचं पत्र लिहिलं. नवऱ्याने वाचलं. "विचारलंस त्यांना?" तो म्हणाला. मी म्हटलं, बहिऱ्या माणसाला काय विचारणार? त्याने पत्राची घडी घालून ते माझ्यासमोर ठेवलं, म्हणजे त्याला पटलेलं नव्हतं.

पुढचा गुरुवार हा पत्र द्यायचा शेवटचा दिवस. परीक्षा कार्यालय सहापर्यंत उघडं, आणि बाईंच्या घरापासून पंधरा मिनिटांवर. ठरवलं, आधी बाईंना तोंडावर सांगायचं, मग पत्र द्यायचं. पर्समध्ये पत्र घेऊन गेले. स्टुलावर बसले आणि सवयीने आधी तो स्वर दाबून पाहिला.

स्वच्छ.

पुन्हा दाबला. तिन्ही तारा एकसारख्या. नुसत्या एकसारख्याच नाहीत, अगदी गुळगुळीत, जीव नसलेल्या. ही सूर लावायची पद्धत मी ओळखते. आमच्या गावात मोबाइलवरचा काटा बघून पियानो लावणारा एकच इसम आहे, चष्मेवाला. त्याला मी पाना धरायलाही देणार नाही.

"बाई! चष्मेवाला आला होता?"

बाईंचा चेहरा पडला. चोरी पकडल्यासारखा. "बस," त्या म्हणाल्या. "सांगणारच होते, पण परीक्षेनंतर."

"माझं काम आवडत नव्हतं तर मला सांगायचं होतं ना! त्याला कशाला बोलावलं?"

"हळू बोल. मी काही बहिरी नाही." बाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार होता. "हे बघ, घाबरू नकोस. मागच्या आठवड्यात सोमवारी तू लावून गेलीस आणि वरची एक तार उतरलेली राहिली. मला तेव्हाच कळलं. म्हटलं, चुकून राहिली असेल. पण गुरुवारी तू तोच स्वर वाजवलास, धरून ठेवलास, आणि तुला पत्ताच नाही. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मनात आलं, हिचं पोट कानावर आहे, परीक्षा तोंडावर आहे, आणि कान चाललाय. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. माझा एक जुना विद्यार्थी कानाचा डॉक्टर आहे. त्याला विचारलं, तो म्हणाला वेळेत आलं तर उपाय असतो. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घेतलीये तुझ्यासाठी. मी येणार आहे बरोबर."

मी हात सोडवून घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

"आणि तुम्ही गप्प का असायचात?" मी विचारलं. "चौथं बोट अजून झोपतंय!"

"झोपतंयच. दुसऱ्या पानावर, दोनदा. अर्ज भरला की मी बोलणं बंद करते. सगळ्यांच्याच बाबतीत. तेव्हा चुका काढल्या की माणूस परीक्षेत चुकाच ऐकत बसतो. त्या बोटासकट तू तयार होतीस."

मग मी सांगितलं. सगळं. खुर्ची, बेल, पाना, केसभर सैल केलेली तार. बोलत असताना मला माझाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. बाईंनी माझा हात सोडला. उठल्या, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

"माझ्या पियानोवर," त्या एवढंच म्हणाल्या.

"चुकलं बाई माझं."

"खुर्ची उन्हामुळे हलवली, बेल जुनी बिघडली म्हणून बदलली. मला विचारायचंस. 'बाई, ऐकू येतं का नीट?' एवढंच तर होतं. मी रागावले असते, दोन शिव्या दिल्या असत्या, आणि संपलं असतं."

मी पर्समधून पत्र काढलं आणि पियानोच्या झाकणावर ठेवलं. "आता तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते. बसू का परीक्षेला?"

बाई वळल्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, चेहऱ्याकडे नाही, हातांकडे. मी पत्र अजून दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.

"दहा दिवसांपूर्वी हो होतं," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, तेच वाईट होतं. "आज नाही. आज तुझा कुणावरच भरवसा नाही, आणि स्वतःवर तर त्याहून नाही. असं चाळीस मिनिटं वाजवता येत नाही. जा, देऊन ये. सहाला बंद होतं."

कार्यालयात खिडकीपलीकडच्या कारकून बाईंनी पत्र उलटंपालटं केलं. "कारण लिहिलं नाहीत. काय लिहू?"

"तयारी नाही."

"बरेचजण असंच म्हणतात," त्या हसून म्हणाल्या. "मग येऊन वाजवतात झकास. अजून दहा मिनिटं आहेत. नक्की ना? कुणी सांगितलं तयारी नाही म्हणून?"

"आमच्या बाईंनी," मी म्हटलं. "त्यांना बरोबर कळतं."

त्यांनी शिक्का मारला.