अकरावा उंदीर

सासरेबुवांना झोप येत नसे, आणि ती येत नाही ही बातमी ऐकायला घरातल्या कुणाला सकाळपर्यंत थांबावं लागत नसे. आधी स्लिपरांची फटफट, मग कपाटाची करकर, मग नळ, मग एक खोकला आणि शेवटी हळूच "कुणी जागं आहे का?" आता एवढं झाल्यावर कोण झोपलेलं राहणार? सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून या माणसाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गालफडं बसली होती. दिवसा बोलता बोलता शब्द हरवायचे.

एरवी माणूस काट्यावर चालणारा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेली. पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं तर यांना चहा गोड लागायचा नाही.

अशा माणसाचा सगळा भरवसा होता एका झुडपावर. गॅलरीतल्या कुंडीत ते सासूबाईंनी लावलं होतं. रोज रात्री त्याची सात पानं उकळून सासूबाई कपभर काढा करून द्यायच्या, आणि कप खाली ठेवला की सासरेबुवा आडवे. छत्तीस वर्षं हा शिरस्ता. त्या गेल्यावर हे स्वतः काढा करायला लागले. सात पानांनी जमेना म्हणून दहा घेतली, दहांनी भागेना म्हणून पंधरा. झुडपाच्या बिचाऱ्याच्या नुसत्या काड्या राहिल्या.

"माझंच काहीतरी चुकतंय," ते सुनेला म्हणायचे. "तिच्या हाताचं प्रमाण मला साधत नाही. अगं, तू एवढी शिकलेली, तुझ्या हाताखाली एवढे उंदीर. एकदा तपासून बघ की नीट!"

सूनबाई प्रयोगशाळेत कामाला होती. औषधी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या झाडांचे अर्क काढायचे, ते पांढऱ्या उंदरांना द्यायचे आणि खरंच काही फरक पडतो का ते बघायचं, हे तिचं काम. दोन वर्षं तिनं हा विषय आज-उद्या करत टाळला होता. कारण उघड होतं. बहुतेक झाडं तिच्या प्रयोगशाळेत आली की पितळ उघडं पडून परत जायची. हेही तसंच निघालं तर? सासूबाईंच्या मागे सासरेबुवांना धरायला ते एक झुडूप उरलं होतं, आणि ते बिनकामाचं आहे हे त्यांच्या तोंडावर सांगायचं कुणी?

पण सासरेबुवा हटून बसले, आणि प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमनीही परवानगी दिली. त्याच जातीची पानं रोपवाटिकेतून आणली, कारण घरच्या झुडपाला फुटेल ते पान काढ्यातच जायचं. प्रयोग साधा होता. दहा उंदीर घ्यायचे. पाचांना पानांचा अर्क पाजायचा, पाचांना नुसतं पाणी. मग सगळ्यांना झोपेच्या औषधाचा सारखाच बारीकसा डोस. कलंडले की प्रत्येकाला अलगद उताणं ठेवायचं. जागा उंदीर उताणा राहत नाही, झटकन पालथा होतो. तो झाला की वेळ टिपायची. पानांत काही दम असेल तर पानवाले जास्त वेळ झोपतील. कुणाला काय पाजलंय हे फक्त मॅडमना ठाऊक, आणि ते लिहिलेला कागद पाकिटात बंद. बघणाऱ्याला माहीत असलं की त्याचे डोळे लबाडी करतात, असं मॅडमचं म्हणणं.

असं तीन दिवस, रोज नवे दहा उंदीर घेऊन करायचं होतं. दोन दिवस पार पडले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या सहायकाची अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल भोपळ्याएवढा झालेला. तो काय उंदीर बघणार!

"दुसरा माणूस हवाच," मॅडम म्हणाल्या. "दहा उंदीर एकटीनं कसे सांभाळशील? तुझे सासरे घड्याळजी आहेत ना? आण त्यांना. हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि वेळ सांगायची."

सासरेबुवा तासाभरात हजर! दाढी केलेली, आणि खिशात स्वतःचं चावीचं स्टॉपवॉच. अंगात गाऊन, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क असा जामानिमा झाल्यावर त्यांनी आरशात पाहिलं.

"माझ्या ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरसुद्धा एवढा नटला नव्हता," ते म्हणाले.

खोली अर्धवट उजेडाची होती. भिंतीतला पंखा एका लयीत घुमत होता, भुशाचा कोरडा वास येत होता. टेबलावर दहा पेट्या. एक ते पाच सुनेच्या, सहा ते दहा सासऱ्यांच्या. डोस देऊन मॅडम गेल्या आणि एकेक उंदीर कलंडायला लागला.

"सहा नंबर गेला," सासरेबुवा कुजबुजले.

"बाबा, गेला नका म्हणू. झोपला म्हणा."

"बरं बाई, झोपला. दहा वाजून चार मिनिटं, अकरा सेकंद."

सेकंदही सोडायला तयार नाहीत! सूनबाईला हसू आवरेना. तिनं सहा नंबर उताणा ठेवला, सात नंबर ठेवला, हळूहळू दहाच्या दहा. इवल्या गुलाबी पावलांची टोकं वर आणि पांढरी पोटं खाली-वर, खाली-वर. अर्धा-पाऊण तास दोघं नुसते बघत बसले. मग उठाउठी सुरू झाली. तिचा तीन उठला, त्यांचा आठ उठला. "सात नंबर! चाळीस मिनिटं, वीस सेकंद!" सासरेबुवांचा आवाज कसा टणक येत होता. सहा झाला, दहा झाला. आता तिच्याकडचा एक आणि त्यांच्याकडचा नऊ नंबर, एवढेच राहिले.

आणि सासरेबुवांचा आवाज बंद झाला.

तिनं मान वळवली. सासरेबुवांची हनुवटी छातीवर टेकली होती. स्टॉपवॉच मुठीत टिकटिकत होतं. मास्क फुगत होता, बसत होता.

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. उठवावं तर तीन वर्षांनी लागलेली झोप मोडायची. न उठवावं आणि नऊ नंबर हुकला तर सगळा दिवस वाया, वर सासरेबुवा स्वतःला कधी माफ करणार नाहीत ते वेगळंच. तिनं चपला काढल्या, स्टूल उचललं आणि पाय न वाजवता दोन्ही पेट्यांच्या मध्ये नेऊन ठेवलं. एक डोळा इकडे, एक तिकडे. आधी तिचा उठला. मग तीन मिनिटांनी नऊ नंबरनं अंग झटकलं आणि तो पालथा झाला. तिनं वेळ लिहिली आणि तिच्या जिवात जीव आला.

सासरेबुवा काही पालथे झाले नाहीत.

तासाभरानं मॅडम दारात आल्या. आत बघून थबकल्या.

"हा अकरावा कोण?" त्या कुजबुजल्या.

"आमचे सासरे."

"काय दिलंय त्यांना?"

"काहीच नाही, मॅडम. काढासुद्धा फक्त रात्री पितात."

"किती वेळ झाला?"

"एक तास दहा मिनिटं. अजून चालूच आहे."

मॅडमनी तिला हळूच बाहेर बोलावलं आणि पाकीट फोडलं. तिन्ही दिवसांचे तीस उंदीर. पानवाले सरासरी बेचाळीस मिनिटं झोपले होते. पाणीवाले त्रेचाळीस.

म्हणजे झुडपानं अंगठा दाखवला होता.

सासरेबुवा जागे झाले ते दचकूनच. "नऊ नंबर! अगं, नऊ नंबर!"

"तो केव्हाच उठला, बाबा. मी बघितला. तुम्हीच मागे राहिला होतात."

बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत एका घड्याळावर डोळा लागला नव्हता, आणि आज सुनेच्या कामावर! बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिनं एकदाचं सांगून टाकलं. गोड बोलून फिरवणं तिला जमत नव्हतं, आणि आकड्यांवर जगलेल्या माणसाला ते चाललंही नसतं. सासरेबुवांनी कागद हातात घेतला. बेचाळीस, त्रेचाळीस. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले. आता रडतात की काय, असं वाटून तिनं रुमाल काढला.

ते हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं बाईनं मला हिरवं पाणी पाजलं!" त्यांनी तोच रुमाल घेऊन डोळे पुसले. "आणि मी झोपायचो गं."

"मग आज कसे झोपलात? आज तर हिरवं पाणीही नव्हतं."

त्यांनी रुमालाची घडी घातली. "ती पोटं खाली-वर होत होती ना, ती मी मोजत होतो. काढा पिऊन आडवा झालो की ती शेजारी झोपायची. तिचा श्वास मी असाच मोजायचो. कधी शंभराच्या पुढे गेलो नाही. आता त्या खोलीत मोजायला काही नाही."

घराच्या दारात आल्यावर सूनबाईला एकदम काहीतरी सुचलं आणि ती स्वतःशीच हसली. झोपेतला श्वास हवा होता ना? तो घरात होता की, भरपूर होता! तिचा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा आणि रात्री घशात गिअर टाकायचा. नऊ वर्षं कानांत कापूस घालून तिनं ते निभावलं होतं. तिनं नवऱ्याची उशी उचलली, चादर उचलली आणि दोन्ही नेऊन सासरेबुवांच्या खोलीत टाकली.

"मी काय गुन्हा केला?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. तुम्ही औषध आहात," ती म्हणाली.

सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन पायांपर्यंत आलं होतं. कानांत कापूस नव्हता, घरात स्लिपर वाजत नव्हत्या. चहा उकळेपर्यंत नवरा बाहेर आला. डोळे लाल, केस उभे.

"बाबा घोरतात!" तो करवादला. "रात्रभर! माझा डोळा लागला नाही! आई छत्तीस वर्षं कशी झोपली असेल त्यांच्या शेजारी? ते पानांचं काय आहे ते दे मला, चार उकळून."

साडेआठला सासरेबुवा उठले. गालावर उशीची घडी उमटलेली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं, मग हातातल्या, मग पुन्हा भिंतीवरच्या. दोन्ही बरोबर होती. ते तांब्या घेऊन गॅलरीत गेले आणि काड्या झालेल्या झुडपाला सावकाश पाणी घातलं.

"बाबा, दोन-चार पानं तोडा की तिथली," मुलगा आतून ओरडला.

"हात लावायचा नाही कुणी!" सासरेबुवांचा आवाज कालच्यासारखाच टणक आला. "याचा काही उपयोग नाही, तीस उंदरांनी सांगितलंय. आता तरी वाढू दे तिचं झाड."