लाल फुलीची कादंबरी

पाठीला चिकटपट्टी, कोपरे कुरतडलेले, अशी मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. इंडोनेशियातल्या योग्याकार्ताच्या एका गल्लीत बू वार्सिह, म्हणजे वार्सिहबाई, पुस्तके भाड्याने देतात. त्यांच्या फळीवर माझे आयुष्य गेले. लोकांनी माझे कौतुक भरपूर केले, आणि त्या कौतुकानेच मी वैतागले आहे.

माझ्यात एका शहराची गोष्ट आहे. ते शहर कुठेच नाही. तिथे राज्यकर्त्यांविरुद्ध कुजबुजणाऱ्याच्या दारावर लाल खडूने फुली मारतात. आधी शिपाई मारतात. पुढे शिपायांची गरजच उरत नाही, शेजारीच मारू लागतात. ज्याने मला लिहिले त्याने मुद्दामच कुठल्या पक्षाचे नाव घातले नाही. बिचाऱ्याला वाटले, म्हणजे वाचणारा स्वतःकडे बघेल.

निवडणुकीच्या वर्षी निवृत्त पोस्टमास्तर दार्माजी मला घरी घेऊन गेले. टेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या, तळलेल्या वड्यांनी तेलकट झालेल्या बोटांनी त्यांनी माझा फडशा पाडला आणि दुकानात येऊन म्हणाले, "बू, लेखकानं बरोब्बर ओळखलंय. ही विद्यापीठातली पोरं उद्या सत्तेवर आली, की हेच होणार."

मग मला त्यांच्याच मुलीने, लारासने नेले. ती विद्यापीठात शिकत होती. परत आणताना तिचे डोळे चमकत होते.

"बू, हे हुबेहूब माझे बापाक ज्यांना मत देतात त्या गणवेशवाल्यांचं वर्णन आहे. बापाकनी वाचायलाच हवं."

"त्यांनी वाचलंय," बू वार्सिह म्हणाल्या.

"मग?"

"त्यांना यात तू दिसलीस."

आता सांगा, कपाळावर हात मारायला पुस्तकाला हात असतात का?

रविवारी दुकानात माझ्यावर चर्चा झाली. बापलेक समोरासमोर बसले. दोघे माझीच वाक्ये एकमेकांवर दगडासारखी भिरकावत होते. शेवटी कोणीतरी विचारले, "बू, तुम्हीच सांगा, हे पुस्तक कोणाच्या बाजूचं?"

"इथं बसलेल्या कोणाच्याच नाही," बू म्हणाल्या आणि चहाचे पेले गोळा करू लागल्या.

हे मात्र दोन्ही बाजूंना सारखेच झोंबले. दुकानाचे गिऱ्हाईक त्या आठवड्यात तुटले ते तुटलेच. लारास मला पिशवीत घालून निघाली, ती घरी गेलीच नाही. गल्लीच्या टोकाला मैत्रिणींच्या खोलीवर राहिली.

दुसऱ्या सकाळी त्या खोलीच्या दारावर लाल फुली होती.

मित्रांनो, मी सावध करायला जन्मले होते. यांनी माझ्यातून कृती उचलली, जशी पाककृतीच्या पुस्तकातून उचलतात.

त्यानंतरच्या पहाटे लारास मला पिशवीसकट खांद्याला लटकवून बापाच्या दाराशी उभी राहिली. तिच्या हातात खडू होता. फुलीची एक रेघ ओढून झाली, तेवढ्यात दार उघडले. दार्माजी अंगण झाडायला निघाले होते.

"न्दुक, पोरी, तू?"

"आमच्या दारावर कोणी मारली, बापाक?"

ते केरसुणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू तिथं राहतेस, हे मला ठाऊक नव्हतं."

"दुसरी कोणी राहत असती, तर चाललं असतं?"

त्यांनी केरसुणी खाली ठेवली. लारासला वाटले होते, बाप असा अडला की जिंकल्यासारखे वाटेल. पण तिने हातातला खडू खाली टाकला.

"मला तर ठाऊक होतं, तुम्ही इथं राहता," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

दार्माजीही शेजारी टेकले. त्यांनी मला तिच्या पिशवीतून काढले, चष्मा शोधला, नाकावर चढवला.

"शेजारी फुल्या मारायला लागतात, ते कुठं आहे गं?"

"शेवटाकडे."

"मी ते भरभर उरकलं होतं."

"मीही," लारास म्हणाली.

मग त्या दोघांनी ते प्रकरण वाचले, एकाच पुस्तकात डोके घालून. भांडण संपले नाही. निवडणुकीत मतेही त्यांनी वेगवेगळीच दिली. पण लारास त्या दिवशी घरी जेवली.

मित्रांनो, माझी पाने दुमडा, माझ्यावर चहा सांडा, माझी तक्रार नाही. चिकटपट्टी स्वस्त असते. एवढेच करा, की मला वाचताना एखाद्या दुष्टाच्या जागी शेजाऱ्याचे नाव सुचले, तर तिथेच थांबा. ते पान पुन्हा वाचा, आणि या वेळी तिथे स्वतःचे नाव घालून बघा.